गुडघा दुखावला, मोबाईल उघडला: ऑनलाइन माहितीवर कितपत विसंबायचं?

कबड्डीत चढाई करताना पाय वळला. पोलीस भरतीसाठी धावताना गुडघ्यात कळ आली. पावसात दुचाकी घसरली आणि सगळा भार एका पायावर आला. दुखापत कशीही झालेली असो, पुढचा क्रम आता ठरलेला आहे. आधी बर्फ, मग घरच्यांचा सल्ला आणि मग मोबाईल.

'गुडघ्यात कट असा आवाज आला', 'लिगामेंट फाटलं तर ऑपरेशन लागतंच का', 'मेनिस्कस टेअर घरगुती उपाय' असं काहीही शोधलं की काही सेकंदांत शेकडो पानं आणि व्हिडिओ समोर येतात. त्यात डॉक्टर असतात, फिजिओथेरपिस्ट असतात, जिम ट्रेनर असतात, तेल विकणारे असतात आणि 'मी ऑपरेशन टाळलं' असं सांगणारे रुग्णही असतात. सगळेच ठाम बोलतात.

अडचण अशी की या माहितीवरून लोक खरेखुरे निर्णय घेतात. ऑपरेशन करायचं की नाही, किती दिवस थांबायचं, मैदानावर कधी परतायचं. चुकीच्या माहितीमुळे कुणी गरज नसलेलं ऑपरेशन करून घेतं, तर कुणी अस्थिर गुडघ्यावर महिनोनमहिने खेळत राहतं आणि आतलं नुकसान वाढवून घेतं.

मग ही माहिती चांगली की वाईट हे ओळखायचं कसं? ती इतकी अवघड का असते? आणि मराठी वाचकाच्या वाट्याला नेमकं काय येतं?

आधी गुडघ्याच्या आत काय असतं ते पाहू

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांना भेटतात. समोर वाटी असते. ही हाडं जागेवर धरून ठेवणारे चिवट पट्टे म्हणजे लिगामेंट. प्रमुख लिगामेंट चार. त्यातलं एसीएल म्हणजे अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट हे खेळाडूंच्या बातम्यांमुळे सर्वांना माहीत झालेलं नाव. एसीएल तुटायला दरवेळी धक्काच लागतो असं नाही. धावता धावता अचानक थांबणं, दिशा बदलणं, उडी मारून चुकीच्या पद्धतीने पाय टेकणं एवढंही पुरतं.

दोन हाडांच्या मध्ये दोन चंद्रकोरीच्या आकाराच्या गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. आणि हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो तो कूर्चा, म्हणजे कार्टिलेज.

गोंधळ इथूनच सुरू होतो. बोलीभाषेत 'गादी' हा शब्द मेनिस्कससाठी वापरतात, कार्टिलेजसाठी वापरतात आणि पाठीच्या मणक्यांमधल्या चकतीसाठीही वापरतात. लिगामेंटला कुणी अस्थिबंध म्हणतं, कुणी अस्थिबंधन, तर कुणी स्नायुबंध. त्यामुळे 'गादी झिजली' आणि 'गादी फाटली' या दोन वेगळ्या त्रासांचे उपाय एकाच व्हिडिओत मिसळलेले सापडतात.

'वंगण संपलं' हे त्याचं आणखी एक उदाहरण. सांध्यात एक द्रव असतो आणि तो सांध्याला नितळ हालचाल करायला मदत करतो, हे खरं. पण दुखापतीनंतर गुडघा सुजतो तेव्हा आतला द्रव कमी झालेला नसतो, उलट वाढलेला असतो. दुखापतीनंतर काही तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झाल्याची शक्यता असते आणि एसीएल तुटल्यावर असं बऱ्याचदा होतं. अशा गुडघ्यावर 'वंगण वाढवणारा' लाडू किंवा तेल सुचवणाऱ्या व्हिडिओने मूळ दुखणंच ओळखलेलं नसतं.

'ग्रेड २' म्हणजे किती गंभीर?

एमआरआयचा रिपोर्ट अनेकदा डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या व्हॉट्सॲपवर पोहोचतो. तो इंग्रजीत असतो आणि तो एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो. त्यात हमखास दिसणारं एक वाक्य म्हणजे 'मेडियल मेनिस्कसच्या मागच्या भागात ग्रेड २ सिग्नल'.

हे वाचून रुग्ण 'ग्रेड २ टेअर' असं शोधतो. समोर येतं की ग्रेड २ म्हणजे अर्धवट फाटलेलं. घाबरायला एवढं पुरे.

पण एकाच रिपोर्टमध्ये 'ग्रेड' या शब्दाचे दोन अर्थ असू शकतात.

• लिगामेंटच्या बाबतीत ग्रेड १ म्हणजे ताण बसलेला, ग्रेड २ म्हणजे अर्धवट फाटलेलं आणि ग्रेड ३ म्हणजे पूर्ण तुटलेलं.

• मेनिस्कसच्या बाबतीत ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आतल्या भागात दिसणारा बदल. हा बदल गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला नसतो. वयानुसार होणारी झीजही अशीच दिसते. पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला बदल म्हणजे ग्रेड ३ आणि त्यालाच सहसा 'टेअर' म्हणतात.

म्हणजे लिगामेंटचा ग्रेड २ आणि मेनिस्कसचा ग्रेड २ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक न सांगणारं पान खोटं बोलत नसतं, पण वाचकाला चुकीच्या ठिकाणी नेऊन सोडतं.

शिवाय एमआरआयमध्ये काही दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण तेच, असंही नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम शहरात ५० ते ९० वयोगटातल्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढण्यात आले होते. हे लोक गुडघा दुखतो म्हणून निवडलेले नव्हते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांचं मेनिस्कस फाटलेलं दिसलं, त्यातल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. 'रिपोर्टमध्ये टेअर आहे, म्हणजे आता ऑपरेशन' हा निष्कर्ष काढण्याआधी हा आकडा आठवायला हवा.

माहिती चांगली आहे हे ठरवतात कसं?

हा प्रश्न इंटरनेट घराघरांत पोहोचायच्या आधीपासून विचारला जातोय. त्यासाठी संशोधक काही ठरलेल्या कसोट्या वापरतात.

पहिली कसोटी १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'जामा' या नियतकालिकात मांडली गेली. तिच्यात चारच प्रश्न आहेत. लिहिणारा कोण आणि त्याची पात्रता काय? माहिती कुठून घेतली हे सांगितलंय का? पानामागे कुणाचा पैसा किंवा हितसंबंध आहे हे उघड केलंय का? आणि मजकूर कधी लिहिला, कधी अद्ययावत केला?

दुसरी कसोटी ब्रिटनमध्ये तयार झाली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं नाव डिसर्न. तिच्यात १६ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. या प्रश्नांचा रोख उपचारांवर आहे. उपचाराचे फायदे सांगितलेत तसे धोके सांगितलेत का? एकापेक्षा जास्त पर्याय आहेत हे स्पष्ट केलंय का? ज्या गोष्टीबद्दल डॉक्टरांमध्येच एकमत नाही, ती तशी सांगितली आहे का? आणि उपचारच केला नाही तर काय होईल?

हा शेवटचा प्रश्न गुडघ्याच्या बाबतीत फार कळीचा आहे. ऑपरेशन कसं करतात, दुर्बीण किती बारीक असते, टाके किती लहान असतात हे सांगणारी पानं ढिगाने सापडतात. ऑपरेशन केलं नाही तर काय, हे सांगणारी मोजकीच.

तिसरा प्रयत्न जिनिव्हाच्या हेल्थ ऑन द नेट फाउंडेशनचा. आरोग्याच्या वेबसाइट तपासून त्यांना 'ऑनकोड' नावाचं प्रमाणचिन्ह ही संस्था द्यायची. २०२२ च्या अखेरीस ही सेवा बंद पडली. त्यामुळे एखाद्या जुन्या पानावर हे चिन्ह दिसलं तरी त्याची तपासणी आता कुणी करत नाही.

या कसोट्यांची एक मर्यादाही आहे. लेखकाचं नाव, तारीख आणि संदर्भ असे सगळे रकाने भरलेलं पानसुद्धा चुकीचं असू शकतं. या कसोट्या प्रामाणिकपणा तपासतात, अचूकपणाची हमी देत नाहीत.

वाचनीयता: बरोबर आहे, पण कळतंय का?

माहिती अचूक असून वाचकाला कळली नाही, तर ती असून नसल्यासारखीच. म्हणून गुणवत्तेच्या जोडीने वाचनीयताही मोजली जाते.

इंग्रजीत यासाठी जुनी सूत्रं आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये एक सूत्र मांडलं. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेच्या नौदलासाठी त्यातूनच फ्लेश-किनकेड सूत्र तयार झालं, कारण नौसैनिकांना यंत्रांच्या माहितीपुस्तिका कळायला हव्या होत्या. वाक्यात किती शब्द आहेत आणि शब्दात किती अक्षरं उच्चारली जातात, यावरून मजकूर कितवीच्या विद्यार्थ्याला कळेल याचा अंदाज ही सूत्रं देतात.

रुग्णांसाठीचा मजकूर साधारण सहावीच्या विद्यार्थ्याला कळेल इतका सोपा असावा, अशी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस आहे. गुडघ्याच्या दुखापतींवरची इंग्रजी पानं या मोजपट्टीवर तपासणारे अनेक अभ्यास झाले आहेत आणि त्यांचा सूर बहुतेक वेळा एकच असतो: मजकूर शिफारशीपेक्षा कितीतरी अवघड. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णांसाठीच लिहिलेले लेख २००८ मध्ये असेच तपासले गेले. त्यातलेही बहुतांश या पातळीच्या वरचे निघाले.

गंमत अशी की अचूक आणि सोपं या दोन गोष्टी एकाच पानावर कमी वेळा भेटतात. तज्ज्ञांनी काळजीपूर्वक लिहिलेलं पान शब्दांनी जड होतं. सोपं, चटपटीत पान अनेकदा अर्धवट असतं. वाचक साहजिकच दुसऱ्या पानाकडे वळतो.

मराठीला ही मोजपट्टी चालते का?

जशीच्या तशी नाही. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'शस्त्रक्रियेनंतरच्या' हा एक शब्द. इंग्रजीत तेवढ्यासाठी तीन-चार सुटे शब्द लागतात. इंग्रजी सूत्र लावलं तर हा शब्द फार अवघड ठरेल. 'दवाखान्यातल्या' हाही लांबलचक, पण तो न कळणारा मराठी माणूस सापडणार नाही. उलट 'कूर्चा' हा शब्द दोन अक्षरी. सूत्राच्या हिशेबाने सोपा, पण अनेकांनी तो शाळेनंतर ऐकलेलाही नसतो.

मराठीत खरी अडचण शब्दांच्या लांबीची नाही, ओळखीची आहे. इंग्रजी पानाचं शब्दशः भाषांतर केलं की उदाहरणार्थ असं वाक्य तयार होतं:

'अग्र क्रूसीय अस्थिबंधाच्या विदारणानंतर सांध्याच्या अस्थैर्यामुळे अर्धचंद्राकृती कूर्चेस द्वितीयक इजा संभवते.'

हेच असंही सांगता येतं:

'एसीएल नावाचं लिगामेंट तुटलं की चालताना-वळताना गुडघा मधूनच निसटतो. तो वारंवार निसटत राहिला तर आतली मेनिस्कस नावाची गादीही फाटू शकते.'

दुसऱ्या मजकुरात इंग्रजी शब्द जास्त आहेत, तरी तोच जास्त मराठी वाटतो. कारण 'लिगामेंट' हा शब्द आता तालमीतही चालतो आणि एसटी स्टँडवरही. 'गुडघा निसटतो' हे तर रुग्ण स्वतःच डॉक्टरांना सांगतात.

२०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा मराठी आहे. त्यांच्यापैकी ज्यांना इंग्रजी सहज वाचता येत नाही, त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात: एक म्हणजे असं यांत्रिक भाषांतर आणि दुसरी म्हणजे व्हिडिओ.

जुनी माहिती कधी मरत नाही

इंटरनेटवर नवी माहिती येते, पण जुनी जात नाही. बर्फाचंच उदाहरण घ्या.

दुखापत झाली की विश्रांती, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंचावर, हा 'राइस' नावाचा सल्ला १९७८ मध्ये अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी त्यांच्या पुस्तकात दिला. तो जगभर पसरला. २०१४ मध्ये खुद्द मिर्किन यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरं होण्याची प्रक्रिया लांबू शकते. २०१९ मध्ये 'पीस अँड लव्ह' नावाचा नवा आराखडा मांडला गेला. सुरुवातीचे एक-दोन दिवस गुडघ्याला जपायचं, पण त्यानंतर सोसेल तशी हालचाल आणि भार वाढवत न्यायचा, असा त्याचा गाभा. बर्फाने दुखणं तात्पुरतं कमी होतं, हे आजही खरंच. पण 'तीन आठवडे पाय हलवू नका' असं सरसकट सांगणारं पान बहुधा जुन्या काळात अडकलेलं असतं.

ऑपरेशनबाबतही असंच झालं. वय वाढल्यामुळे झिजून फाटलेलं मेनिस्कस दुर्बिणीने कापून काढणं ही एकेकाळी अगदी सर्रास होणारी शस्त्रक्रिया होती. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयोगटातल्या १४६ रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्या लोकांवर खरी शस्त्रक्रिया केली, उरलेल्यांवर फक्त तसा देखावा केला. कुणावर काय केलं हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांच्या त्रासात लक्षणीय फरक नव्हता. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तज्ज्ञगटाने झिजेच्या गुडघेदुखीसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ही चाचणी झिजेने फाटलेल्या मेनिस्कसची होती. विशीतल्या खेळाडूचं मेनिस्कस अपघाताने फाटलं आणि गुडघा मध्येच अडकून बसला, तर त्याचं उत्तर वेगळं असू शकतं. 'मेनिस्कसचं ऑपरेशन म्हणजे फसवणूक' असं सांगणारं रील त्यामुळे तितकंच अर्धवट असतं.

एसीएल तुटलं म्हणजे ऑपरेशन अटळ?

ऑनलाइन सर्वात जास्त शोधल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी हा एक. आणि याचं एका वाक्यातलं उत्तर देणाऱ्यापासून सावध राहिलेलं बरं.

स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या, खेळणाऱ्या-धावणाऱ्या १२१ जणांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांचं एसीएल नुकतंच तुटलेलं होतं. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटातल्या ५९ जणांना आधी व्यायामोपचार दिले आणि गरज वाटली तर नंतर शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवला. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच निघाले. दुसऱ्या गटातल्या २३ जणांनी या काळात शस्त्रक्रिया करून घेतली, ३६ जणांना ती लागली नाही. पाच वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचा आकडा ३० वर गेला.

याच अभ्यासाचा दाखला देऊन कुणी म्हणतं 'निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नाही', तर कुणी म्हणतं 'निम्म्यांना शेवटी करावंच लागलं'. दोन्ही वाक्यं खरी आहेत. कोणतं वाक्य निवडलं, यावरून सांगणाऱ्याचा कल कळतो.

ब्रिटनमध्ये ३१६ जणांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. यातल्या रुग्णांची दुखापत जुनी होती आणि गुडघा अजूनही निसटत होता. त्यांच्यात मात्र १८ महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाचा निकाल सरस ठरला.

म्हणजे उत्तर ठरतं ते दुखापत ताजी की जुनी, गुडघा निसटतो का, सोबत मेनिस्कस फाटलंय का, वय काय आणि पुन्हा कबड्डी खेळायची की ऑफिसला जायचं, यावरून. हे सगळं विचारात घेणारं पान लांब होतं. पण 'ऑपरेशन टाळा, हे तीन व्यायाम करा' हे ३० सेकंदांत बसतं.

रील्स, स्टार खेळाडू आणि 'सहा महिन्यांत फिट'

एसीएलवरच्या यूट्यूब व्हिडिओंची तपासणी करणारा एक शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. यूट्यूबवर एसीएलबद्दल निकृष्ट माहिती मिळते, असा निष्कर्ष त्याच्या शीर्षकातच होता. तेव्हा रील्सचा जमाना यायचा होता.

व्हिडिओला किती लोकांनी पाहिलं आणि तो किती बरोबर आहे, यांचा एकमेकांशी संबंध नसतो. अल्गोरिदम मोजतो तो खिळून राहिलेला वेळ. 'थांबा, आणि तीन महिने रोज व्यायाम करा' यात खिळवून ठेवण्यासारखं काही नाही.

त्यात भर पडते प्रसिद्ध खेळाडूंची. ऋषभ पंतच्या कारला ३० डिसेंबर २०२२ रोजी अपघात झाला, मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २०२४ मध्ये तो आयपीएलमध्ये उतरला. विनेश फोगटच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये एसीएलची शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभराने ती पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळत होती. या प्रेरणादायी गोष्टी खऱ्याच आहेत. पण पंतला परतायला जवळपास १५ महिने लागले आणि दोघांच्याही मागे फिजिओ आणि ट्रेनर यांची फौज होती, हे रीलमध्ये दिसत नाही.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर किती जण मैदानावर परततात? २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे असे: ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, ६५ टक्के दुखापतीच्या आधीच्या पातळीवर पोहोचले आणि स्पर्धात्मक खेळात परतले ते ५५ टक्के. २०१६ च्या आणखी एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका घटत गेला. गावच्या स्पर्धेसाठी पाचव्या महिन्यात चढाईला उतरणाऱ्या मुलापर्यंत हे दोन आकडे पोहोचायला हवेत. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो 'कमबॅक'चा व्हिडिओ.

नियमांचं काय? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यविषयक इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. डॉक्टर किंवा प्रमाणित तज्ज्ञांनी आपली पात्रता सांगावी आणि स्वतःला आरोग्यतज्ज्ञ म्हणून मांडणाऱ्यांनी आपला सल्ला हा डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही, हे स्पष्ट करावं, असं त्यात म्हटलंय. सूचना आहेत, पण रोज पडणाऱ्या व्हिडिओंच्या ढिगात एकेक पात्रता तपासण्याचं काम शेवटी प्रेक्षकावरच येतं.

मग एआयला विचारलं तर?

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या शोधातही एआयने तयार केलेला सारांश दिसायला लागला. चॅटबॉट तर त्याआधीपासून आहेत. वाचनीयतेच्या बाबतीत ते उपयोगी पडतात. 'हे सोप्या मराठीत सांग' म्हटलं की जड मजकूर हलका होतो.

धोका तिथेच आहे. ओघवतं वाक्य बरोबरच वाटतं. एआयने ग्रेडचा घोळ केला, तरी तो तितक्याच शांत आणि खात्रीच्या भाषेत केलेला असतो.

दुसरं म्हणजे एआयने गुडघा तपासलेला नसतो. एसीएल तपासताना डॉक्टर गुडघा थोडा वाकवून एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहतात. ती किती सरकते आणि कशी थांबते, यावरून बरंच काही कळतं. याला लॅकमन चाचणी म्हणतात. ती कुठल्याही स्क्रीनवर होत नाही.

म्हणून एआयला निर्णय विचारण्यापेक्षा शब्द विचारावेत: 'या रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ सांग', 'डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारू?' आणि रिपोर्ट टाकण्याआधी त्यावरचं नाव आणि नंबर झाकावा.

वाचताना काय तपासायचं?

• कुणी लिहिलंय? नाव आणि पात्रता नसेल तर पुढे जा. 'डॉ.' एवढंच पुरेसं नाही, कशाचे डॉक्टर हेही पाहा.

• कधीचं आहे? तारीख नसलेलं पान किंवा दहा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ असेल तर दुसरीकडे पडताळा.

• शेवटी काय विकलं जातंय? तेल, कोर्स, नी-कॅप किंवा ऑपरेशनची अपॉइंटमेंट. विकणारा खोटाच असेल असं नाही, पण त्याचा फायदा कशात आहे हे लक्षात असू द्या.

• कुणाबद्दल बोलतोय? २० वर्षांचा खेळाडू की ६० वर्षांची गृहिणी? अपघात की झीज? हे न सांगता दिलेला उपाय कुणालाच नीट लागू होत नाही.

• धोके आणि दुसरा पर्याय सांगितलाय का? फक्त फायदे सांगणारं पान ही माहिती नाही, जाहिरात आहे.

कधी गूगल बंद करून थेट दवाखाना?

कॅनडात तयार झालेला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला 'ओटावा नी रूल' डॉक्टर आजही वापरतात. ताज्या दुखापतीनंतर पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल, तर हाड मोडलंय का हे पाहण्यासाठी एक्स-रे काढतात: वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणं, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला असलेल्या हाडाच्या टोकावर दुखणं, गुडघा काटकोनात न वाकणं, किंवा चार पावलंही न टाकता येणं. एक्स-रेमध्ये लिगामेंट आणि मेनिस्कस दिसत नाहीत. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल' म्हणजे 'गुडघा नॉर्मल' नव्हे.

याशिवाय गुडघ्याचा आकार वेडावाकडा दिसणं, पाऊल थंड किंवा बधीर पडणं, गुडघा एका जागी अडकून सरळच न होणं, गुडघा लाल-गरम होऊन ताप येणं, पोटरी सुजून धाप लागणं, यातलं काहीही असेल तर शोधत बसू नका. अशा गुडघ्याला मालिश करणं किंवा तो 'ओढून बसवून घेणं' धोक्याचं ठरू शकतं.

प्रश्न फक्त वाचकाचा नाही

वाचकाने सावध राहावं हे खरं. पण सगळी जबाबदारी दुखऱ्या गुडघ्याच्या माणसावर टाकणं बरोबर नाही. एमआरआयच्या रिपोर्टसोबत चार ओळींचा मराठी खुलासा देणं कुठल्याही केंद्राला अशक्य नाही. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर ऑपरेशनच्या पानाशेजारी 'ऑपरेशन न केल्यास काय' हेही लिहिता येतं. जे डॉक्टर आणि फिजिओ मराठीत चांगलं बोलतात, त्यांनी आपल्या व्हिडिओत तारीख, पात्रता आणि 'हे कुणाला लागू नाही' एवढं सांगितलं तरी मोठा फरक पडेल.

तोपर्यंत ऑनलाइन माहितीचा सर्वात चांगला उपयोग एकच. तिच्यातून उत्तर नाही, प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जा. 'माझी दुखापत अपघाताची की झिजेची? ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? आधी तीन महिने व्यायाम करून पाहता येईल का? माझ्या वयाच्या आणि कामाच्या माणसाला काय सुचवाल?' हे चार प्रश्न कागदावर लिहून नेले आणि त्यांची उत्तरं नीट कळेपर्यंत विचारली, तर निम्मं काम झालं. डॉक्टर घाईत असतील तर पुन्हा विचारा किंवा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. निर्णय काही तासांत घ्यावाच लागेल अशा गुडघ्याच्या दुखापती फार थोड्या असतात.